बापूजींचा नकाशा पुसताना

बापूजींचा अर्ज दोन ओळींचा होता. वहीच्या आखीव कागदावर, निळ्या शाईने, कुठेही घाई न करता लिहिलेला: माझ्या बगिच्याचा नकाशा तुमच्या कॉम्प्युटरातून पूर्ण पुसावा. मागे काही ठेवू नये. खाली सही, आणि सहीखाली कोणी सांगितले नसताना गावाचे नाव, रामाकोना.

सौसरला बसस्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या माडीवर, संत्रा उत्पादकांच्या कंपनीचे दोन खोल्यांचे कार्यालय होते. तिथे नकाशांचे काम सांभाळणाऱ्या तृप्तीने तो कागद टेबलावर सरळ केला आणि पुन्हा वाचला. मागे काही ठेवू नये. माणसाने इतके नेमके मागितले की त्याला तितकेच नेमके द्यावे लागते, हे तिला त्या चार शब्दांकडे पाहताना स्पष्ट कळत होते.

अर्जाचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. पांढुर्ण्याच्या सभेत अध्यक्षांनी मोठ्या पडद्यावर एक नकाशा लावला होता, आजारी बगीचा वरून कसा दिसतो हे समजावण्यासाठी. वाळलेले प्रत्येक झाड लाल. दोनशे बारा लाल ठिपके. अध्यक्षांनी मालकाचे नाव घेतले नाही. पण नाल्याकडे निमुळती होत गेलेली ती जमीन कोणाची, हे ओळखायला रामाकोन्याच्या माणसांना नावाची गरज नव्हती. माना वळल्या. दुसऱ्या रांगेत बसलेले बापूजी उठले, कोणाशी न बोलता बाहेर गेले, आणि आठवड्याने त्यांनी कंपनी सोडली. सोडून जाणाऱ्याने मागितले तर त्याचा नकाशा आठ दिवसांत पुसायचा, असा कंपनीचा नियम होता. तो नियम तृप्तीनेच आग्रहाने लिहून घेतला होता. आता तो पाळण्याची वेळ आली होती.

"मॅडम, इतका काय विचार करून राहिल्या?" चेतनने विचारले. बोरगावचा चेतन कंपनीचा ड्रोन उडवायचा आणि बाकीच्या वेळात सल्ले द्यायचा. "नकाशा निवडा, डिलीट दाबा, चहा मागवा. चहा जरा आधी मागवला तरी चालते."

"आणि करुणाकाकूंचा?"

"थो अलग आहे न बाप्पा. अलग फोल्डर, अलग नाव."

"अलग दिसून राहिला आहे, चेतनभाऊ. आहे की नाही ते कॉपीवर पाहू."

करुणा म्हणजे बापूजींच्या दिवंगत धाकट्या भावाची बायको. दोघांचे बगिचे लागून होते. बापूजींचा वाळत गेला, करुणाचा टिकला. त्यातली अकरा झाडे इतकी निरोगी निघाली की ती मातृवृक्ष म्हणून राखावीत, त्यांच्या फांद्यांवरचे डोळे काढून जंभेरी लिंबाच्या खुंटांवर कलमे बांधावीत, असे ठरत आले होते. पांढुर्ण्याचा एक रोपवाटिकावाला येत्या सोमवारी झाडे पाहायला यायचा होता. त्याची अट एकच होती: झाडांचे तीन वर्षांचे नकाशे दाखवा, झाड आज हिरवे आहे एवढ्याने भागणार नाही. ते नकाशे तृप्तीच्या संगणकात होते आणि दुसरीकडे कुठेही नव्हते. गेलेल्या तीन वर्षांवरून ड्रोन पुन्हा उडवता येत नाही.

तृप्तीने सगळ्या नकाशांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि त्या प्रतीतला बापूजींचा नकाशा पुसला. प्रोग्रामने काही विचारले नाही, क्षणभरही अडखळला नाही. मग तिने करुणाचा नकाशा उघडला. पडदा पांढरा. ती दृश्य मागे मागे नेत गेली. सौसर सरले, सातपुडा सरला, देश सरला, अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका आली. त्या खंडाच्या कुशीत, अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य असतात त्या अथांग पाण्यावर, करुणाची तीनशे चाळीस झाडे ओळीत उभी होती.

चेतन खुर्ची ओढून जवळ आला. "हे झाडं कुठं गेले?"

"समुद्रात."

"कोणत्या?"

"आफ्रिकेजवळच्या."

चेतनने मान हलवली. "चला, पाण्याची तं चिंता मिटली काकूची."

तृप्ती हसली, पण तिचे डोळे यादीवर होते. ड्रोन परदेशी होता आणि त्याच्या फाइलींची घडणही त्याचीच, परकी. एक नकाशा म्हणजे एक फाइल नव्हती. चित्रांची वेगळी, झाडांच्या यादीची वेगळी, रंगांची वेगळी. आणि एक अगदी लहान, पायाची. उड्डाण जमिनीवरच्या कोणत्या बिंदूपासून मोजले, आसपास कोणत्या खुणा होत्या, एवढेच तिच्यात असे. ती हरवली की झाडांना आपले गाव आठवत नाही. ती शून्यापासून मोजू लागतात.

कंपनी ज्या मोफत प्रोग्राममध्ये नकाशे पाहायची, त्याला ही परकी घडण कळत नव्हती. म्हणून मागच्या वर्षी तृप्तीने मधला दुभाष्या लिहिला होता: फाइल उघडायची कशी, वाचायची कशी, हे प्रोग्रामला समजावणारा. पुसायचे कसे, याबद्दल मात्र तिने काहीच लिहिले नव्हते. आणि दुभाष्या गप्प राहिला की प्रोग्राम आपल्या रीतीने वागे; नकाशा ज्या ज्या फाइलींचा आधार घेतो त्या सगळ्या मिटवून मोकळा होई. करुणाच्या नकाशाचा पाया बापूजींच्या फोल्डरात होता.

"चेतनभाऊ, दोन्ही बगिचे एकाच उड्डाणात घेतले तुम्ही?"

"मंग? विहीर एकच आहे न." चेतनला प्रश्नच कळला नाही. "विहिरीच्या काठावरून उडवलं, दोन्ही होऊन गेले. तीनही साल तसंच केलं. दोन डाव कोण उडवते?"

खरेच, कोण उडवते? बापाच्या मागे भावांनी जमीन वाटली, विहीर वाटता आली नाही. चार दिवस मोटर बापूजींची, चार दिवस करुणाची. गावात आजही कोणी दोन बगिचे म्हणत नव्हते. 'विहिरीवरचा बगीचा' म्हणत. ज्याने त्या फाइलींची घडण बसवली, त्या दूरच्या माणसाच्या मनात एक उड्डाण म्हणजे एक शेत आणि एक शेत म्हणजे एक मालक असे सरळ चित्र असणार. वाटणी होऊनही न वाटलेली जागा त्याच्या यादीत बसत नव्हती.

"सोपं आहे," चेतन म्हणाला. "बाकी सारं पुसा, थे पायाची फाइल तेवढी राहू द्या. बापूजीले काय समजते?"

"त्यांना समजत नाही, म्हणूनच तसं करायचं नाही."

"एक लहानशी फाइल तं आहे."

तृप्तीने ती फाइल उघडून त्याच्यासमोर धरली. विहिरीच्या बिंदूखाली सहा खुणा होत्या. दोन करुणाच्या, चार बापूजींच्या जमिनीच्या कोपऱ्यांवरच्या. तिने चार कोपरे रेषेने जोडले. नाल्याकडे निमुळती होत गेलेली आकृती पडद्यावर उभी राहिली, एकही झाड नसलेली, आणि तरीही कोणालाही ओळखू येईल अशी.

चेतनने त्या रेषेवरून बोट फिरवले. "हे तं सभेतलंच झालं," तो म्हणाला.

"म्हणून म्हणते. गुरुवारी बापूजी स्वतः पाहायला येणार आहेत. त्याआधी या दुभाष्याला पुसायला शिकवते मी."

तिच्या आवाजात शंका नव्हती. तिला शब्दांची सवय होती. कॉलेजच्या वर्षांत तिने कवितेच्या वह्या भरल्या होत्या आणि त्यांतले बहुतेक खोडले होते. खोडताना काय खोडू नये हे आधी ठरवावे लागते, हे तिचा हात तेव्हाच शिकला होता. पण वहीतली चुकलेली खोडाखोड कागदावर दिसते तरी. वाचायला शिकवताना चूक झाली तर फार तर चित्र वेडेवाकडे उमटेल; पुसायला शिकवताना चूक झाली, तर चूक पाहायलाही काही उरणार नाही. म्हणून तिने पहिल्यांदा पुसण्याची ओळ लिहिलीच नाही. आधी दुभाष्याने साठ्यातल्या प्रत्येक नकाशाला विचारावे, या फाइलीवर तू उभा आहेस का? जो उभा असेल त्याला त्याचा स्वतःचा पाया करून द्यावा, त्यात फक्त त्याच्या खुणा आणि आरंभाचा बिंदू. मग त्या नव्या पायावर तो नकाशा उघडावा आणि एकेक झाड जुन्या जागेशी ताडून पाहावे. सगळी झाडे जागेवर असली, तरच जुने मिटवावे. एकही हलले, तर थांबावे आणि माणसाला हाक मारावी.

दीड दिवसात दीडशे ओळी झाल्या. प्रतीवर चालवून पाहिले. पहिल्या वर्षाचा नकाशा सुखरूप उतरला. तिसऱ्या वर्षाचाही. दुसऱ्या वर्षी मात्र दुभाष्या थांबला आणि त्याने हाक मारली: झाडे पाच फूट सरकली आहेत.

"पाच फुटानं काय होते?" चेतन म्हणाला.

"आपल्या माणसाला काही नाही. सोमवारच्या पाहुण्याला होईल. ठिपका एकीकडे, झाड दुसरीकडे दिसलं, की तो म्हणेल नकाशा दुसऱ्याच बगिच्याचा आहे."

बुधवारी सकाळी दोघे चेतनच्या मोटरसायकलवर रामाकोन्याला गेले. करुणा ओलिताला उभी होती. लुगड्याचा ओचा खोचलेला, हातात फावडे, पावले चिखलात. दांडातले पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवत तिने त्यांना येताना पाहिले आणि फावडे न थांबवता म्हणाली, "ये बेटा. या डाव मशीन नाई आणली?"

"नाही काकू. दगड पाहायला आलो."

"दगडं पाहाले सौसरहून आले?"

जमिनीवरच्या खुणा म्हणजे चेतनने चुन्याने रंगवून ठेवलेले दगड. एक जागेवर होता. दुसरा दांडाच्या कडेला, गवतात कलंडलेला.

"हा इथंच होता का हो काकू, पहिल्यापासून?"

"थो? नाई. पह्यले दांडाच्या मधात होता. पाणी अडून राह्यलं होतं, म्हणून म्या सरकवला." करुणाने चेतनकडे पाहिले. "या पोरानं ठेवला होता पाण्याच्या वाटंत. म्हटलं, शिकलेला आहे, काही विचार असन. मंग पाणी फुटलं, तं म्हटलं नसन."

चेतनने कान धरले. "काकू, पण कधी सरकवला?"

"मागच्या मागल्या साली. तुमची मशीन दुसऱ्या डाव याच्या आधी."

"आणि पहिल्यांदा नेमका कुठे होता, आठवते?" तृप्तीने विचारले.

करुणाने चार पावले टाकली आणि दांडातल्या वाहत्या पाण्यात फावड्याचे टोक रोवले. "अथी."

"नक्की?"

"रोज पाणी सोडतो न म्या अथून. अथी पाण्याचा आवाज बदलत होता."

चेतनने टेप धरली. पाच फुटांना चार बोटे कमी. पडद्यावर जी चूक आकड्यांत दिसली होती, तिचे कारण असे एका बाईच्या पायाशी खळखळत होते. पहिल्या वर्षी दगड मधोमध, दुसऱ्या वर्षी कडेला. त्या वर्षीच्या पायाच्या फाइलीत मात्र पहिलीच जागा पुढे चालत आलेली; तिसऱ्या वर्षी खुणा नव्याने मोजल्या होत्या. बापूजींच्या चार खुणा सोबत होत्या तोवर त्यांनी हा तोल सावरून धरला होता. त्या काढल्या की करुणाच्या दोनच खुणांवर सगळा भार येत होता आणि खोट उघडी पडत होती. तृप्तीने तिथेच धुऱ्याच्या बांधावर बसून लॅपटॉप उघडला, दुसऱ्या वर्षाची खूण दुरुस्त केली आणि दुभाष्याला पुन्हा चालवले. मग पडद्यावरचा ठिपका पाहायचा आणि करुणाने त्या झाडापाशी जाऊन हात लावायचा, असे त्यांनी अकराही मातृवृक्ष तपासले. अकराच्या अकरा जुळले.

"झालं?" करुणाने विचारले.

"झालं, काकू. उद्या अकरा वाजता या. बापूजींचं पुसताना तुमचा नकाशा समोर असावा, आणि तुम्हीही."

करुणाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "ते राह्यतीन न तथी?"

"राहतील."

"येतो मंग म्या," ती म्हणाली, आणि पाणी पुढच्या आळ्यात वळवले.

गुरुवारी बापूजी अकराला पाच मिनिटे कमी असताना आले. करुणा त्यांच्या मागोमाग. एकाच बसने आले असावेत, पण माडीचा जिना दोघांनी वेगवेगळा चढला. बापूजी टेबलासमोर बसले. करुणा दोन खुर्च्या सोडून, भिंतीकडे किंचित वळून. भासऱ्याशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, ती समोरासमोर बोलत नसे, आणि तेही तिला थेट काही म्हणत नसत. वीस वर्षे पाण्याच्या पाळीचे निरोपसुद्धा मधल्या कोणाकडून जात-येत आले होते.

"बटन दाबलं का सारं गेलं?" बापूजींनी विचारले.

"हो. चित्रं, झाडांची यादी, रंग, तुमच्या जमिनीचे चार कोपरे. दुसऱ्या डिस्कवरची प्रतसुद्धा. सभेत लावलेलं चित्र अध्यक्षांच्या लॅपटॉपवर होतं, ते काल त्यांच्यासमोर काढून टाकलं."

"अन् मांगं काय राह्यते?"

चेतनने तृप्तीकडे पाहिले. तो प्रश्न विचारला जाणार नाही, अशी त्याची आशा होती. तृप्तीला मात्र तो हवाच होता.

"एक बिंदू," ती म्हणाली. "विहिरीचा. काकूंचा सगळा नकाशा तिथून मोजलेला आहे, म्हणून तो त्यांच्याकडे राहतो. त्याच्यावर तुमचं नाव नाही, तुमचं एकही झाड नाही. पण तुम्ही लिहिलं आहे, मागे काही ठेवू नये. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. नको म्हणालात, तर मी काकूंच्या दगडापासून नव्याने मोजेन. ते सोमवारपर्यंत होणार नाही."

करुणाची बोटे पदराच्या काठावर थांबली होती. तिच्या तीन वर्षांचा निकाल आता त्या म्हाताऱ्याच्या तोंडात होता, आणि तिने मान वर केली नाही. तृप्तीने अर्जाचा कागद बापूजींपुढे सरकवला. बापूजींनी स्वतःचेच अक्षर परक्याचे असावे तसे, ओठ हलवत वाचले.

"म्या कायचा अर्ज केला?" त्यांनी विचारले.

"बगिच्याचा."

"विहिरीचा केला का?"

"नाही."

"मंग? अर्धी विहीर दुसऱ्याची आहे. दुसऱ्याच्या वस्तूचा अर्ज म्या कसा करीन?" त्यांनी कागद परत ढकलला. "कोणतं बटन दाबा लागते?"

तृप्तीने दाखवले. त्यांनी तर्जनी बटणावर ठेवली, जरा वेळ तशीच ठेवली, आणि दाबली. पडद्यावर ओळी उतरू लागल्या. दुभाष्याने प्रत्येक नकाशाला विचारले, करुणाच्या तिन्ही वर्षांना नवा पाया दिला, एकेक झाड ताडून पाहिले. आणि मग बापूजींच्या फाइली एकामागून एक जाऊ लागल्या. एकूण एकोणसाठ. शेवटी शोध घेतला, उरलेल्या फाइली शून्य. बापूजींनी ते शून्य बोट लावून पाहिले. त्यांचे खांदे, सभेच्या दिवसापासून आखडलेले असावेत तसे, सावकाश खाली आले.

"आता काकूंचा उघडते," तृप्ती म्हणाली.

बापूजी लगेच उठले. "पाहा तुम्ही. दुसऱ्याच्या बगिच्यात म्या काहून पाहू?"

तृप्तीचा हात थांबला. परवानगी द्यायची ती एकाच व्यक्तीने. तिने करुणाकडे पाहिले. करुणा भिंतीकडेच पाहत होती, पण बोलली स्पष्ट.

"बसा म्हना त्यायले. पाहू दे."

नकाशा उघडला. समुद्र नव्हता; रामाकोना होते, नाला होता, आणि तीनशे चाळीस झाडे आपापल्या आळ्यांत उभी होती. चेतनने मोठ्याने श्वास सोडला. तृप्तीने वर्षे एकामागून एक फिरवली, पहिले, दुसरे, तिसरे. अकरा मातृवृक्ष तिन्ही वेळा गडद, भरलेले.

"मांगं घे," बापूजी एकदम म्हणाले. ते पुढे झुकले होते. "अजून मांगं. हां. आता पुढं." त्यांचे बोट एका झाडावर थांबले. "या अंगाले पाह्य. हे फिकं होऊन राह्यलं."

तृप्तीने दृश्य जवळ आणले. झाडाच्या उत्तरेकडच्या बाजूला हिरव्यात किंचित पांढुरकी छटा होती. प्रोग्रामने ते झाड निरोगी ठरवले होते, आणि तिच्याही नजरेने.

"कोणतं झाड हे?"

"नऊ नंबर," तृप्ती म्हणाली.

बापूजी वळले. तृप्तीकडे नाही, चेतनकडेही नाही. "रोशनची माय," ते करुणाला तिच्या मुलाच्या नावाने हाक मारत म्हणाले, "माह्या बगिच्यात पह्यल्या साली असंच दिसलं होतं. म्या म्हटलं, पाणी कमी पडलं. पाणी नव्हतं कमी, रोग होता. बुंध्याशी उकर, साल पाह्य, डिंक असन. याचे डोळे त्या मानसाले देऊ नको. या एका झाडापायी त्याच्या साऱ्या कलमा जातीन, अन् नाव तुह्यं होईन."

करुणाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान फिरवून त्यांच्याकडे पाहिले.

"दहाचे देतो मंग."

"दहाचे दे. दहा चांगले हायेत."

"उकराले तुम्ही असान तं बरं होईन," ती म्हणाली. "मले डिंक ओळखू येते, पण उशिरानं येते."

"बस किती वाजता आहे?" बापूजींनी चेतनला विचारले.

"पावणेबाराची आहे. भेटन, चाला लवकर."

बापूजी जिन्याकडे निघाले. या वेळी करुणा मागोमाग निघाली, आणि दारात थांबून तिने तृप्तीला म्हटले, "बेटा, नऊ नंबर काढून टाक त्या अकरातून. सोमवारी दहाच दाखव."

"पुसू का काकू तो ठिपका?"

"पुसतं कायले? झाड उभं आहे न." करुणाने पायरीवर पाऊल ठेवले. "यादीतून काढ फक्त."

तृप्तीने यादी उघडली, नऊ क्रमांकापुढची खूण काढली, आणि झाड होते तिथेच राहू दिले.